बाद झालेलं मेम्ब्रेन भंगारात का घालायचं?

आज वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या शेडमध्ये एक बाद आरओ मेम्ब्रेन, म्हणजे पाण्यातले क्षार अडवणारा गाळणीचा नळा, कापून उघडलं. ८ इंच व्यास, ४० इंच लांबी. फायबरग्लासचं कवच काढल्यावर मधल्या नळीभोवती गुंडाळलेले पडदे सुटत गेले. मध्ये प्लास्टिकची जाळी, आणि बोटांना चिकटणारा तपकिरी, बुळबुळीत गाळ. वास हाताला अजून आहे.

असा माल आपल्याकडे सर्रास कचऱ्यात जातो. मला ते बघवत नाही. कारण बहुतेक वेळा कामातून जातो तो वरचा पॉलिअमाइडचा थर, केसापेक्षा कितीतरी पातळ. खालचं पॉलिसल्फोन (सच्छिद्र प्लास्टिकचा थर) आणि त्याखालचं पॉलिएस्टरचं कापड चांगलं धडधाकट असतं. आरओला एरवी क्लोरीनचा वाराही लागू देत नाहीत. इथे मात्र मुद्दाम सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे क्लोरीनच्याच ब्लीचमध्ये, भिजत ठेवायचं. तो थर निघून जातो आणि उरतं ते अल्ट्राफिल्ट्रेशनचं, म्हणजे जरा मोठ्या छिद्रांचं मेम्ब्रेन.

दुपारी तसा भिजवलेला एक तुकडा लावून गढूळ पाणी सोडलं. पलीकडून नितळ आलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मात्र होता तेवढाच. शेजारच्या शेडमधले काका म्हणाले, "क्षार गेले नाहीत, मग उपयोग काय?" अहो काका, गाळ आणि बॅक्टेरिया अडले ना! नव्या आरओच्या आधी हेच लावा, त्याचं आयुष्य वाढेल.

पॉलिसल्फोन डीएमएफ नावाच्या द्रावकात विरघळवून, काचेवर पसरून पाण्यात बुडवलं की नवा पांढरा पडदाही तयार होतो. पण डीएमएफ यकृताला घातक. ते पूर्ण परत गोळा करायची सोय होईपर्यंत आमच्या शेडमध्ये हायपोच.