रेनबो टोनिंगचा रुपया आणि माझा रिफंड

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, सात-आठ वर्षं झाली नाणी गोळा करतोय, जास्त करून ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये. मागच्या श्रावणात ऑनलाइन लिलावात पंचम जॉर्जचा १९१७ चा रुपया दिसला, कडेनं निळा, आत जांभळा, मधे गुलाबी, खाली लिहिलेलं 'ओरिजिनल रेनबो टोनिंग' (टोनिंग म्हणजे जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं आपोआप चढणारा रंग), आणि बोली अशी पळत होती की बघता बघता मी ४,२०० ला घेऊन मोकळा झालो. १९१७ चा रुपया काय दुर्मिळ नाही, हवे तेवढे मिळतात, म्हणजे वरचे सगळे पैसे मी रंगाचेच दिले.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवला होता, नाणी घेणाऱ्यानं हे करावंच. कापसाला ॲसिटोन लावून कडेला फिरवलं, रंग निघाला नाही, म्हटलं खरा आहे. इथंच चुकलो. ॲसिटोननं शाई, लाखेचा थर असलं काही असेल तर निघतं, पण चांदीवर गंधकानं धरलेला थर त्यानं हलत नाही, मग तो शंभर वर्षांत आलेला असो नाहीतर कुणी रात्रीत आणलेला असो.

आमचे मामा विट्याकडचे, ३५ वर्षं तामिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम केलं. त्यांनी आधी वजन केलं, ११.६ ग्रॅम, म्हणाले तोळा बरोबर हाय, चांदी खरी हाय. मग खिडकीपाशी नेऊन तिरका धरला आणि म्हणाले, "आरं, ही रंगवल्याली न्हाय, शिजवल्याली हाय."

मग भिंगातून मलाही दिसलं. राजाचा गाल झिजून सपाट झालेला आणि रंग मात्र तिथंच सगळ्यात भडक. त्या रंगाखाली बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेचे, तांब्या घासल्यावर पडतात तसे. म्हणजे आधी नाणं घासून पांढरं केलं, मग रंग आणला. आजीच्या लक्ष्मीपूजनाच्या डब्यातला राणी छाप रुपया शेजारी ठेवला, त्याचा पिवळसर-तपकिरी रंग कडेनं आत हळूहळू उतरलाय आणि अक्षरांच्या आडोशाला फिका झालाय. माझ्या रुपयावर रंग अक्षरांवरून सरळ ओढत नेल्यासारखा.

खात्री करायला एक झिजका रुपया उकडलेल्या अंड्याच्या फोडीबरोबर बंद डब्यात ठेवला. आधी पिवळा, मग लालसर जांभळा, सकाळी निळा. अंड्यातल्या गंधकाचा वायू चांदीवर पातळ थर धरतो आणि थर जाड होईल तसा रंग बदलतो, एवढाच खेळ आहे. खऱ्या टोनिंगचं रसायनही हेच असतं, फक्त त्याला कागदी पाकिटात नाहीतर अल्बममध्ये वर्षं लागतात, आणि नाणं झिजलेलं नसेल तर खाली टाकसाळीची मूळ चमक शाबूत असते. पीसीजीएससारख्या, नाणी तपासून दर्जाचा नंबर देणाऱ्या कंपन्यांना असा रंग संशयास्पद वाटला तर ते नाण्याला नंबरच देत नाहीत.

विक्रेता म्हणाला सर, रंग गॅरंटीड आहे, नॅचरल असं आम्ही बोललोच नाही. लिलावाच्या ॲपवाल्यांनी पहिली तक्रार बंद केली, वस्तू फोटोप्रमाणेच आहे म्हणून. दुसऱ्यांदा मी 'ओरिजिनल' शब्दाचा स्क्रीनशॉट, पार्सलचा व्हिडिओ, ओरखड्यांचे फोटो आणि अंड्याच्या डब्यातल्या रुपयाचे रात्रीपासून सकाळपर्यंतचे फोटो सगळं एकत्र पाठवलं. अकरा दिवसांनी पैसे आले, कुरिअरचे कापून.

पैसे आले तरी मन लागेना. तो रंग म्हणजे नाण्याचीच चांदी खाऊन झालेला थर, तो काढायला गेलं की अजून चांदी जाणार, ते नाणं कायमचं बिघडलं.

पंधरा दिवसांनी तोच रुपया परत लिलावात दिसला. १९१७ च्या ७ वर कडेला जी टोच आहे तीवरून लगेच ओळखला, या वेळी नाव 'मॉन्स्टर टोन', बोली ३,६०० वर. वरच्या दोन बोलीवाल्यांना मी माझे फोटो पाठवले. एकानं ब्लॉक केलं. दुसरा कराडचा कॉलेजातला पोरगा निघाला, त्यानं रात्री साडेअकराला फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, ओरखडे बघायला भिंग कितीचं घेऊ?"