पाळी कुठून मोजायची?

नदीला पाणी कमी होतं, म्हणून बंधाऱ्यावरून शेतीला मिळणाऱ्या पाण्याच्या पाळ्या नव्याने ठरवायच्या होत्या. बैठक चालवणं आणि इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. हेडची, म्हणजे गेटजवळच्या शेतांची, मंडळी तोडगा घेऊनच आली होती: एकरी सारखे तास. ऐकायला इतकं सरळ, की विरोधाला कुणाची जीभ रेटेना. हात वर झाले. हेडचे खातेदार संख्येनेही जास्त, म्हणजे निकाल ठरलेलाच.

तेवढ्यात मागून टेलच्या, म्हणजे चारीच्या (शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाच्या) शेवटच्या टोकाच्या, एक बाई उठल्या. "तास सारखे, कबूल. पण माझी पाळी कधीपासून धरणार? गेट उघडल्यापासून, की माझ्या बांधावर पाणी आल्यापासून?"

"चारी कोरडी असते, त्याला आम्ही काय करणार?" कुणीतरी हसून म्हणालं.

मी ठराव बाजूला ठेवला आणि सगळ्यांना चारीवर नेलं. गेट उघडलं, वेळ टिपली. पाणी आधी भेगांत शिरलं, मग उंदरांच्या बिळांत. एके ठिकाणी काठ फोडून गवतात गेलं. आम्ही चार पावलं टाकायचो आणि पाण्यासाठी थांबायचो. टेलला पोहोचेपर्यंत बाईंच्या पाळीतला निम्मा वेळ सरला होता. मघाशी हसलेले गृहस्थ आता स्वतःच घड्याळ बघत होते.

पंजाब-हरियाणाच्या वारबंदीत, म्हणजे ठरलेल्या वेळी पाळीने पाणी देण्याच्या पद्धतीत, या दुखण्यावर जुना उपाय आहे, तो मी तिथेच सांगितला. आठवड्याचे 168 तास वाटताना चारी भरायला लागणारा वेळ, म्हणजे 'भराई', ज्याच्या पाळीत जातो त्याला भरून देतात. उलट, वरून पाणी बंद झाल्यावर चारीत उरलेलं पाणी शेवटच्याला मिळतं, म्हणून त्याच्या वेळातून 'झराई' कापतात. ही कापाकापी बाईंनी लगेच मान्य केली, आणि खरं तर त्यानेच हेडवाले वळले. टेलला फुकट काही मिळत नाही म्हटल्यावर भांडायला उरलं काय?

रात्रीच्या पाळीवरून मात्र पुन्हा जुंपली. ती आलटूनपालटून सगळ्यांनी घ्यायची, इथवर कसंबसं आलो.

मग हेडचे एक आजोबा म्हणाले, "आमची जमीन मुरमाड, पाणी धरत नाही. त्याचे तास कोण देणार?" मुद्दा खरा होता, एकमत काही होईना. तो पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून घेतला. दुसरा विषय: मत खातेदारागणिक, की प्रत्येक चारीला एक? मला विचाराल तर हा क्रम उलटा हवा होता.