एक व्हिडिओ आणि आठवडाभराचं फीड

आज यूट्यूबच्या फीडमध्ये (उघडताच समोर येणाऱ्या शिफारशींत) सगळीकडे गुडघेदुखीच का, याचं उत्तर बहुधा कालच्या एका व्हिडिओत असतं. तो आवडला की नाही हे शिफारशी निवडणाऱ्या यंत्रणेला नीट कळत नाही. मुख्यतः किती वेळ थांबलात ते मोजलं जातं. रागाने थांबलात, तरी ती पसंतीच! यूट्यूबने 2012 मध्ये व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला वजन दिलं आणि पाल्हाळ लावणाऱ्यांचं फावलं.

मग लोक 'नॉट इंटरेस्टेड' दाबत बसतात. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या 2022 च्या अभ्यासात त्या बटणाने नकोशा शिफारशी जेमतेम 11 टक्के टळल्या. 'डोन्ट रेकमेंड चॅनल'ने 43 टक्के. म्हणजे दाबायचंच तर दुसरं. शिवाय वॉच हिस्टरीतून तो व्हिडिओ काढा, सर्च हिस्टरीतला शब्दही पुसा (हा हमखास राहतो), हिस्टरी आपोआप पुसणारं ऑटो-डिलीट 3 महिन्यांवर ठेवा. हिस्टरी पूर्ण बंद केली तर होम पान जवळपास रिकामं दिसू शकतं. तो बिघाड नव्हे.

दुसऱ्या कुणासाठी काही शोधायचं असेल तर आधी इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्टरीत नोंद न होणारा मोड. पुढचा व्हिडिओ आपोआप लावणारं ऑटोप्ले मात्र वेगळं बंद करावं लागतं, नाहीतर तुम्ही झोपल्यावर चाललेले व्हिडिओही तुमच्या आवडीच्या खात्यात जमा होतात.