दात पांढरे करायचेत, पण किती?

दंतवैद्याकडे एक पट्टी असते. तिच्यात छोट्या दांड्यांवर बसवलेले सोळा खोटे दात ओळीने उभे असतात आणि प्रत्येकाला एक अक्षर नि एक आकडा दिलेला असतो. ए-१, ए-२ करत करत गाडी डी-४ ला थांबते. 'व्हिटा' कंपनीची ही पट्टी १९५६ पासून चालत आली आहे. कॅप बसवायची असली की डॉक्टर त्यातला एकेक दात आपल्या दाताशेजारी धरतात, डोळे बारीक करतात आणि रंग जुळवतात. 'ए'चं घराणं तांबूस-तपकिरी, 'बी'चं तांबूस-पिवळं, 'सी'चं करडं, 'डी'चं तांबूस-करडं. पट्टी हातात घेऊन नीट पाहावी, तर सोळांत पांढराशुभ्र म्हणावा असा एकही नाही! ब्लीच केलेल्या दातांसाठी त्याहून फिक्या छटा नंतर वेगळ्या काढाव्या लागल्या.

म्हणजे आरशासमोर ओठ ताणून आपण ज्या पिवळेपणावर चिडतो, तो बऱ्याचदा डाग नसतोच. तो दाताचा स्वतःचा रंग असतो.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. ते जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं आणि गंमत म्हणजे अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन, ते मुळातच पिवळसर. आपल्याला दिसतो तो या दोघांचा मिळून झालेला रंग. चावायच्या टोकांवर इनॅमल फार तर अडीच मिलिमीटर जाड, हिरडीकडे येईपर्यंत अगदी पातळ. म्हणून दात हिरडीजवळ जास्त पिवळा दिसतो आणि आपण बिचारे नेमके तिथेच ब्रश दाबतो. वय वाढतं तसं कवच झिजतं, आत डेंटिनची भर पडत राहते आणि पिवळेपणा वर येतो. खरवडून दात पांढरे करू पाहणाऱ्याची गत त्यामुळे मोठी मजेशीर होते. तो घासत असतो पांढऱ्यासाठी आणि उघडं पाडत असतो पिवळं. दात हिरडीबाहेर येईपर्यंत इनॅमल बनवणाऱ्या पेशी आपलं काम आटोपून गेलेल्या असतात. झिजलेलं कवच पुन्हा उगवत नाही.

घरगुती उपायांचा मला राग येतो तो यासाठी. लिंबू चोळा म्हणे! सामू (आंबटपणाचं माप, पीएच; जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस तर दोनच्या आसपास. कोळशाची पूडही खरखरीतच. त्यातल्या त्यात खाण्याचा सोडा उगाच बदनाम आहे, तो बऱ्यापैकी मऊ असतो. पण काढणार तोही फक्त वरवरचं.

हे वरवरचं प्रकरण मात्र खरंच निघतं. ब्रश करून तोंड धुतलं की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर दातावर चढतो. चहा-कॉफीतली टॅनिनं, तंबाखूचा काळा राप, सगळं त्याला चिकटतं. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश बरेच दिवस वापरलं तरी दात तपकिरी होतात, म्हणजे औषधानेच बट्टा लावायचा! खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, लाळेच्या नळ्या उघडतात. तिथे कीटण सगळ्यात आधी जमतं आणि त्यावर डाग बसतात. डॉक्टरांचं यंत्र तिथे चिर्रर्र करत फिरतं, पाण्याचा फवारा उडतो, आणि चूळ भरल्यावर जीभ तिकडे गेली की चपापते. कालपर्यंत सलग भिंत होती, आता प्रत्येक दात सुटा लागतो, मध्ये फटी. दिवसभर जीभ तिथेच घुटमळते. माझ्या मते एवढ्यावर पुष्कळांचं काम भागतं.

काही रंग मात्र दाताच्या घडणीतच मुरलेले असतात. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला, तर तिथल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग. घासून जाईनात, आणि किडीला मात्र ते दात दाद देईनात. कारण सापडायला १९३१ साल उजाडलं: पिण्याच्या पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड. टेट्रासायक्लिन हे औषध आठ वर्षांखालच्या मुलांना दिलं तर तेही घडत्या दातात असंच मुरून बसतं. मार लागून आतून मेलेला दात करडा पडतो, तोही त्याच जातीचा. असल्या डागांपुढे कुठलीही पेस्ट हात टेकते.

ब्लीचिंगची तऱ्हा वेगळी. हायड्रोजन पेरॉक्साइड इनॅमलमधून आत शिरतं आणि रंगाचे रेणू फोडतं, खरवडत काही नाही. रात्री दातांवर बसणाऱ्या साच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड (त्यातून हेच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं) घालून झोपायची पद्धत १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन या दंतवैद्यांनी मांडली, आणि ती अजून टिकून आहे. काही दिवस गार पाण्याने दात शिवशिवतात. खुर्चीवर बसून केलेलं ब्लीचिंग लगेच फार खुलून दिसतं, कारण दात कोरडा पडलेला असतो. ओलावा परतला की रंग थोडा उतरतो. सेल्फी त्याआधी काढून घ्यावा. काही पेस्टी तर सरळ निळसर रंगाचा पातळ थर चढवतात, पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यावी तसा, आणि पिवळं डोळ्यांना पांढरं भासतं. मला यात फसवणूक वाटत नाही. निदान कवच तरी शाबूत राहतं.

खरी पंचाईत जुन्या सिमेंटची आणि कॅपची. पेरॉक्साइडला ती बधत नाहीत. शेजारचे दात उजळले की इतकी वर्षं बेमालूम लपलेलं सिमेंट एकदम उघडं पडतं. मग ते बदला, तेही ब्लीचिंगनंतर दोनेक आठवडे थांबून, नाहीतर नवं नीट धरत नाही.

दात डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा पांढरे नकोत, असा एक ठोकताळा काही दंतवैद्य सांगतात. त्यापुढे गेलं की चेहऱ्याआधी दात खोलीत शिरतात. तसा फार फरक राहणार नाही म्हणा, बिल हातात पडलं की डोळेही पांढरे होतातच.