मैनेला तिचं स्वतःचं पद हवं

संगीत नाटकाला मी ऑर्गनची साथ करते. प्रयोग संपवून भरत नाट्य मंदिरातून बाहेर पडताना कुणीतरी हमखास विचारतं, "एखाद्या सिनेमाचं किंवा गद्य नाटकाचं संगीत नाटक करायचं झालं, तर कुठलं कराल?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा 'पिंजरा' हा तमाशावरचा सिनेमा असतो. माझं उत्तर 'माणूस'. प्रभात कंपनीचा, १९३९ सालचा सिनेमा.

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधीच लिहिलेली कथा घेऊन तिला पदं, म्हणजे नाटकातली गाणी, देणं आपल्याकडे नवीन नाही. ३१ ऑक्टोबर १८८० ला बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं, तेच मुळी कालिदासाला मराठीत गायला लावून. अलीकडे वाहतूक उलट्या दिशेने चाललेली दिसते. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं नाटक, २०१५ मध्ये त्याचा सिनेमा झाला. १९११ च्या 'मानापमाना'वरचा सिनेमा २०२५ मध्ये आला. पडद्यावरून रंगमंचावर मात्र फारसं काही येत नाही, आणि ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण मग 'पिंजरा' का नको? गाणी तर एकाहून एक. माझी अडचण नेमकी तीच आहे. ती गाणी तमाशाच्या बोर्डावरची आहेत, बघायला बसलेल्यांसाठी म्हटलेली. संगीत नाटकातलं पद वेगळ्या जागी उगवतं. माझ्या जागेवरून ते फार जवळून दिसतं. पद यायच्या आधीच्या दोन वाक्यांखाली मी हळूच सूर धरते, नटाला मिळावा आणि प्रेक्षकाला कळूही नये इतकाच. तबलजीचे हात तबल्यावर ठेवलेले, पण गप्प. नट बोलत असतो, बोलता बोलता आवाज त्या सुराला टेकतो, आणि पुढचा शब्द गाण्यातच येतो. 'शारदा' नाटकातली, म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेली ती पोर वडिलांसमोर काय बोलणार? "मूर्तिमंत भीति उभी मजसमोर राहिली" हे तिला गाऊनच म्हणता येतं. म्हणून 'पिंजऱ्या'त मला तमासगीर चंद्रकलेच्या लावण्यांपेक्षा, तिच्या नादी लागलेल्या शाळामास्तरांचं पद हवंय. मास्तर मेले असं समजून गावाने त्यांचा पुतळा उभारलाय आणि मास्तर जिवंत आहेत. त्या पुतळ्यासमोर त्यांना उभं करा आणि गाऊ द्या. हे कुणी केलं तर मी साथीला येईन.

आता 'माणूस'. गणपत हा सरळ पोलीस शिपाई धाडीत सापडलेल्या मैना नावाच्या वेश्येला वाचवतो, तिच्यावर जीव लावतो, तिला त्या धंद्यातून बाहेर काढू बघतो. मैना 'कशाला उद्याची बात' गाते ती गिऱ्हाइकांसमोर, निरनिराळ्या भाषांत. ज्याची जी भाषा त्याला ती. शांता हुबळीकरांनी ते असं गायलंय की ऐकणारा खूश होतो, आणि मला दर वेळी प्रश्न पडतो की हिची स्वतःची भाषा कुठली? माझ्या डोक्यातलं अख्खं नाटक या प्रश्नावर उभं आहे.

पहिल्या अंकात ते गाणं आहे तसंच ठेवायचं, मास्टर कृष्णरावांच्या चालीला हात लावायचा नाही. त्या अंकात मैना फक्त दुसऱ्यांसाठी गाईल. गणपतच्या आईला ओव्या द्यायच्या, जात्यावरच्या, साध्या, ठेक्याशिवाय. गणपतला पद देताना जपून. ड्यूटीवरचा शिपाई ताना घेत बसला तर तो शिपाई राहणार नाही. त्याला दिंडी किंवा साकी अशी जुनी साधी चाल पुरे, चालता चालता म्हणता येईल अशी. आणि मैनेचं पहिलं स्वतःचं पद दुसऱ्या अंकाच्या शेवटी, गणपतच्या आईसमोर जायची वेळ येते तेव्हा. आपली तिथे जायची लायकी नाही असं तिला वाटतं आणि पाय उचलत नाही. तिथे एकच भाषा, विलंबित म्हणजे संथ लय, साथ कमीत कमी. मीही फक्त षड्ज, म्हणजे 'सा', धरून बसेन.

स्वतःच्या मामाचा खून केल्यावर मैना कोठडीत असते, गणपत तिला सोडवायला निघतो आणि ती नकार देते. ते सगळं गद्यात. तिथे कुणी पद घातलं तर माझं त्या दिग्दर्शकाशी भांडण होईल.

'जैत रे जैत' या सिनेमाबद्दलही विचारतात. करावं. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांच्या चाली आहेत, शिवाय राणी माशी मारायला निघालेला नाग्या रंगमंचावर आणता येईल, कारण माश्यांचं घोंगावणं कोरसच्या मिटल्या ओठांतून काढता येतं. पुलंचं 'ती फुलराणी' हे नाटक मात्र कुणी गायला लावू नये. ते ज्यावर बेतलंय त्या बर्नार्ड शॉच्या मूळ नाटकाचं परदेशात १९५६ मध्ये 'माय फेअर लेडी' झालं, ते ठीक. पण पुलंच्या मंजुळेचं "तुला शिकवीन चांगलाच धडा" गद्य-पद्याच्या सीमेवर इतकं नेमकं उभं आहे की त्याला चाल लावली तर ते पडेल.

प्रेक्षक येतील का, हा पुढचा प्रश्न असतो. 'संगीत देवबाभळी'ला आले, दोन बायका आणि विठ्ठलाचं गाणं ऐकायला. 'माणूस'ला लागेल ती कोठ्यावरचा झगमगाट आणि दुसऱ्या अंकातला तो विलंबित, दोन्ही पेलणारी गायिका-नटी. मनावर घेणार असाल तर आधी तिला शोधा. चाली त्यानंतर, तिचा आवाज ऐकून बांधू.