दीड लिटर पाणी आणि पाच मिलिलिटरची बाटली

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी एक गृहस्थ धायरीहून सिंहगड रस्त्याची गर्दी पार करत आमच्या एरंडवण्यातील प्रयोगशाळेत आले आणि आईच्या पोटातून काढलेल्या पाण्याची बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. बाटलीत जेमतेम पाच मिलिलिटर पाणी होते. एकूण किती काढले, असे विचारल्यावर ते म्हणाले, "मॅडम, दीड लिटर निघाले. बाकीचे वॉर्डातच ओतून दिले." शिवाय ही बाटली आदल्या दुपारपासून फ्रिजबाहेरच होती. मला राग आला, पण तो त्यांच्यावर काढण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

कर्करोगाच्या पेशी शोधण्यासाठी असे पाणी आले की ते आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, तळाशी बसलेल्या पेशींचा गाळ काचेवर पसरतात आणि काही स्लाइड ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवून पॅप पद्धतीने, तर काही हवेत वाळवून गिम्सा पद्धतीने रंगवतात. पॅपमध्ये पेशीचे केंद्रक स्वच्छ दिसते आणि गिम्सामध्ये पेशीद्रव्य व रक्तपेशी चांगल्या कळतात. पेशी मोजक्याच असतील, तर त्या सायटोस्पिन यंत्राने काचेच्या एका लहानशा वर्तुळात गोळा करता येतात.

खरी अडचण पुढे, सूक्ष्मदर्शकाखाली सुरू होते. पोटाच्या आणि छातीच्या पोकळीला आतून अस्तरासारख्या असलेल्या मेसोथेलियल पेशी पाण्यात गळून पडतात आणि यकृताचा सिरोसिस, हृदयविकार किंवा न्यूमोनिया यांमुळे चेतवल्या गेल्या की त्यांची केंद्रके इतकी मोठी होतात की त्या कर्करोगाच्या पेशींचे सोंग हुबेहूब वठवतात. दोन शेजारी मेसोथेलियल पेशींमध्ये बहुधा एक बारीक फट दिसते. तिला आम्ही 'खिडकी' म्हणतो आणि विद्यार्थ्यांना ती आधी शोधायला लावतो. क्षयरोगाच्या पाण्याचा प्रकार निराळा असतो. त्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी भरपूर आणि मेसोथेलियल पेशी अगदी थोड्या असतात, आणि एडीए हे एन्झाइम वाढलेले आढळते.

त्या बाटलीतून मला मोठ्या केंद्रकाच्या पेशींचे दोन-तीन पुंजके मिळाले, पण तेही फुगलेले आणि विस्कटलेले. २०२० पासून अशा द्रवांच्या अहवालासाठी जी आंतरराष्ट्रीय पद्धत प्रचलित आहे, तिच्या पाच गटांपैकी 'अनिश्चित' हाच गट मला लिहावा लागला. 'घातक पेशी आढळल्या नाहीत' असे लिहून मोकळे होणे सोपे होते, पण ते खोटे समाधान ठरले असते. कर्करोग असतानाही पाण्याच्या पहिल्या नमुन्यात तो साधारण ६० टक्के वेळाच सापडतो आणि नमुना तुटपुंजा असेल तर ही शक्यता आणखी घटते.

मी वॉर्डात फोन करून पुढच्या वेळी निदान शंभर मिलिलिटर पाणी, काढल्याबरोबर आणि गुठळी झाली असल्यास गुठळीसकट, पाठवायला सांगितले. गुठळी अनेक ठिकाणी फेकून देतात, वास्तविक तिच्यातच पेशी अडकलेल्या असतात. दहा दिवसांनी पोट पुन्हा भरले आणि या वेळी पाणी हवे तसे आले. गाळात प्लाझ्मा आणि थ्रॉम्बिन घालून आम्ही तो रक्तासारखा गोठवला, गाळणकागदात गुंडाळून फॉर्मॅलिनमध्ये ठेवला आणि मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप घेतले. यालाच सेल ब्लॉक म्हणतात. एकाच गाळाचे अनेक काप मिळत असल्याने वेगवेगळी प्रतिपिंडे (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारे रेणू) लावून पेशींचे मूळ शोधता येते.

पुंजके बेरईपी-४ (बहुतेक कर्करोगांत रंगणारे, मेसोथेलियल पेशींत सहसा न रंगणारे) आणि पॅक्स-८ (बीजाशयाच्या कर्करोगात बहुधा रंगणारे) या प्रतिपिंडांना रंगले, मेसोथेलियल पेशी दाखवणाऱ्या कॅलरेटिनिनला रंगले नाहीत. डब्ल्यूटी-१ देखील रंगला, पण एकट्या त्यावर विसंबून चालत नाही, कारण तो मेसोथेलियल पेशींतही रंगतो आणि बीजाशयाच्या सिरस प्रकारच्या कर्करोगातही. सर्व मिळून चित्र बीजाशयाकडेच बोट दाखवत होते आणि सोनोग्राफीतही तिथे गाठ होती.

केमोथेरपी सुरू झाल्यावर तेच गृहस्थ पुन्हा आले. डॉक्टरांनी स्तन व बीजाशयाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांच्या तपासणीसाठी ब्लॉक मागवला होता. कपाटातून तो काढून मी पाकिटात घातला आणि वहीत त्यांची सही घेतली.