तुम्ही विचारलंत म्हणून : युरोपात सर्वाधिक कर कुठे?

मी जर्मनीत नोकरी करतो. युरोपातल्या दोन-तीन देशांतून नोकरीची ऑफर आलेली पुण्या-नाशिकची मुले मला नेहमी विचारतात, ‘सगळ्यांत जास्त कर कुठे आहे?’

जीडीपीशी एकूण करांचे प्रमाण पाहिले तर फ्रान्स आणि डेन्मार्क वरच्या टोकाला दिसतात; 2023 मध्ये दोघांचेही प्रमाण 43 ते 44 टक्क्यांच्या दरम्यान होते. पण नोकरदाराने एवढ्यावरून निर्णय घेऊ नये. डेन्मार्कमध्ये सामाजिक विम्याचे हप्ते जवळजवळ नाहीत आणि सार्वजनिक रुग्णालये करांतूनच चालतात, त्यामुळे तिथला प्राप्तिकर डोळ्यांत भरतो. जर्मनीत प्राप्तिकर त्या मानाने सौम्य वाटतो. मात्र पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा या विम्यांचे हप्ते, ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावर, 40 टक्क्यांच्या वर जातात. त्यांतला साधारण निम्मा वाटा कंपनी भरते, आणि माझ्या मते तोही अखेर कामगाराच्याच कमाईतून जातो. तो वाटा धरून सरासरी पगाराच्या अविवाहित माणसाचा हिशेब केला, तर बेल्जियम पहिला, जर्मनी त्याच्या मागोमाग आणि डेन्मार्क कितीतरी खाली येतो.

आयर्लंडमध्ये जीडीपीशी करांचे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो स्वस्त वाटतो. परंतु बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नफ्याने तिथला जीडीपीच इतका फुगलेला आहे की, तिथले सांख्यिकी कार्यालय राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा, सुधारित आकडाही प्रसिद्ध करते.

गेल्या काही दशकांचा कल मला अस्वस्थ करतो. कंपन्यांवरचा कर उतरत गेला : फ्रान्सने तो 33.3 वरून 2022 पर्यंत 25 टक्क्यांवर आणला, हंगेरीने 2017 मध्ये 9 टक्क्यांवर. त्याच हंगेरीत 2012 पासून व्हॅट, म्हणजे वस्तू-सेवांच्या खरेदीवरचा कर, 27 टक्के आहे, युरोपीय संघात सर्वाधिक. एस्टोनियातही तो 2023 अखेरच्या 20 टक्क्यांवरून 2025 मध्ये 24 वर गेला. व्हॅटची झळ कमी पगाराच्या घराला अधिक बसते, कारण त्याची बहुतेक कमाई खर्चातच जाते. मोठ्या कंपन्यांसाठी 2024 पासून बहुतेक सदस्य देशांत किमान 15 टक्के कराचा नियम आला, हे मला फार उशिरा उचललेले, पण योग्य पाऊल वाटते.

झुरिचची ऑफर आलेल्या एका मुलीला मी वेगळेच सांगितले. स्वित्झर्लंडमध्ये व्हॅट केवळ 8.1 टक्के आहे. पण आरोग्य विम्याचा सक्तीचा हप्ता घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांसकट, स्वतंत्र भरावा लागतो आणि तो करांत मोजला जात नाही. घरातल्या चौघांचे हप्ते वजा करून मगच बर्लिनच्या पगाराशी तुलना कर, असे मी तिला सुचवले.